पूल नवा, कोंडी जुनी

विशेष प्रतिनिधी

पुणे विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल पाडण्यास जुलै २०२० मध्ये सुरुवात झाली, तेव्हा तो उभा राहून जेमतेम दीड दशक लोटले होते. करोनामुळे रस्ते ओस पडले असल्याने पाडकाम फारसा गाजावाजा न होता पार पडले. हिंजवडी ते शिवाजीनगर हा मेट्रो मार्ग याच रस्त्यावरून जाणार आणि जुन्या पुलाच्या रचनेत मेट्रोच्या खांबांना जागा नाही, हे त्यामागचे कारण होते. मात्र या चौकातून रोज ये-जा करणाऱ्या पुणेकराला पुलाविषयीची आणखी एक गोष्ट ठाऊक होती. पूल झाल्यानंतरही गणेशखिंड रस्त्यावरील सकाळ-संध्याकाळची रांग हटली नव्हती. औंध, बाणेर, पाषाण, सेनापती बापट रस्ता आणि शिवाजीनगर अशा पाच दिशांची वाहतूक येथे एकत्र येते. पुलाने त्यातील काही वाहने उचलून पलीकडे नेली आणि ती पुढच्या सिग्नलला जाऊन उभी राहिली.

त्याच जागी आता दुमजली पूल आला आहे. खालच्या मजल्यावर वाहने आणि वरच्या मजल्यावर मेट्रो, अशी त्याची रचना आहे. औंधकडून शिवाजीनगरकडे येणारी त्याची बाजू ऑगस्ट २०२५ मध्ये वाहनांसाठी खुली झाली. एकाच चौकात दोन दशकांत दोनदा पूल बांधावा लागतो, तेव्हा काँक्रिटच्या पलीकडे जाऊन काही मूलभूत प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते. कोंडी नेमकी कशामुळे होते? रस्ता वाढविल्याने ती का सुटत नाही? आणि जगात जेथे ती कमी झाली, तेथे काय केले गेले?

अडतो तो चौक

वाहतूक कोंडी म्हटली की सर्वसामान्यांच्या मनात अरुंद रस्त्याचे चित्र उभे राहते. वास्तविक शहरातील रस्त्याची क्षमता त्याच्या रुंदीवर जेवढी ठरते, त्याहून अधिक ती चौकात ठरते. हे समजण्यासाठी शाळेतील गणित पुरेसे आहे.

सिग्नल हिरवा असताना रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला साधारण १८०० मोटारी पुढे सरकू शकतात, असे अभियंते ढोबळमानाने धरतात. पण चौकात हिरवा दिवा तासभर कोठे मिळतो? चार रस्त्यांचा चौक घेऊ. प्रत्येक दिशेला पाळीपाळीने हिरवा दिवा द्यायचा आणि सिग्नलचे संपूर्ण आवर्तन १२० सेकंदांचे ठेवायचे. प्रत्येक वेळी दिवा बदलताना वाहने हलायला आणि थांबायला मिळून चार-पाच सेकंद वाया जातात. म्हणजे चार पाळ्यांत सुमारे २० सेकंद गेले. उरलेल्या १०० सेकंदांचे चार वाटे केले, तर प्रत्येक दिशेला २५ सेकंद येतात. याचा अर्थ जी मार्गिका तासाला १८०० मोटारी नेऊ शकते, तिच्यातून या चौकात तासाला केवळ ३७५ मोटारी पार होतात. मधल्या पट्ट्यात रस्ता कितीही ऐसपैस असला, तरी हा आकडा बदलत नाही.

मग सिग्नल अधिक वेळ चालू ठेवावा, अशी सूचना हमखास येते. आवर्तन १२० वरून १८० सेकंदांवर नेले, तर प्रत्येक दिशेला ४० सेकंद मिळतील आणि मार्गिकेची क्षमता ३७५ वरून ४०० होईल. पंचवीस मोटारींच्या या लाभासाठी लाल दिव्यापाशी थांबणाऱ्याची प्रतीक्षा मात्र ९५ सेकंदांवरून १४० सेकंदांवर जाईल. ब्रिटिश संशोधक एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ मध्ये सिग्नलच्या आवर्तनाचे सूत्र मांडले. वाहतुकीच्या भारानुसार आवर्तनाची एक योग्य लांबी असते आणि तिच्या पुढे गेल्यास एकूण विलंब वाढतो, हे त्या सूत्राने दाखविले. पुण्या-मुंबईतील काही चौकांत तीन-तीन मिनिटे इंजिन बंद करून बसणाऱ्यांनी हे सूत्र न वाचताच अनुभवले आहे.

याच गणिताची दुसरी बाजू उत्साहवर्धक आहे. चौकातील उजवी वळणे बंद केली की समोरासमोरच्या दोन दिशांना एकाच वेळी हिरवा दिवा देता येतो. चार पाळ्यांच्या जागी दोनच पाळ्या उरतात. वाया जाणारा वेळ १० सेकंदांवर येतो, प्रत्येक पाळीला ५५ सेकंद मिळतात आणि मार्गिकेची क्षमता ३७५ वरून ८२५ होते. एकही वीट न रचता क्षमता दुपटीहून अधिक! वाहतूक पोलिस अधूनमधून एखाद्या चौकात उजवे वळण बंद करून थोडे पुढे यू-टर्न देतात, किंवा दोन समांतर रस्ते एकेरी करतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता ही एकेरी जोडी पुणेकरांच्या अंगवळणी पडली आहे. अर्थात या उपायाला किंमत आहे. वळसा घालणाऱ्याचे अंतर वाढते, मोकळ्या एकेरी रस्त्यावर वेग वाढतो आणि तो ओलांडणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाचा जीव टांगणीला लागतो. यू-टर्नची जागा चौकाला फार जवळ असली, तर कोंडी पन्नास पावले पुढे सरकते एवढेच.

परस्परांशी जोडलेले आणि वाहतुकीनुसार वेळ बदलणारे संगणकीकृत सिग्नल हा यातील पुढचा टप्पा होय. ब्रिटनमधील ‘स्कूट’ आणि सिडनीतील ‘स्कॅट्स’ या प्रणाली अनेक दशके वापरात आहेत. रस्त्यावरील संवेदक वाहने मोजतात आणि संगणक हिरवा दिवा कमी-जास्त करतो. मुंबई आणि पुण्यातही अशा यंत्रणा बसविण्यात आल्या. एखादी दिशा रिकामी आणि दुसरी भरलेली असेल, तेथे त्या खरोखर उपयोगी पडतात. मात्र चारही दिशा तुडुंब असतील, तर सर्वांत हुशार संगणकालाही १२० सेकंदांचे १३० करता येत नाहीत. निविदा काढताना ही मर्यादा फारशी कोणी सांगत नाही.

कारणाविना थांबणारी रांग

चौक नसलेल्या रस्त्यावरही वाहने का अडतात? १९३० च्या दशकात ब्रूस ग्रीनशील्ड्स या अमेरिकी अभियंत्याने रस्त्यावरील वाहनांची छायाचित्रे घेऊन दाटी आणि वेग यांचा संबंध तपासला. रस्त्यावर वाहने वाढतात तसा वेग कमी होतो, हे उघड आहे. पण एका मर्यादेपर्यंत वेग घटूनही तासाला पार होणाऱ्या वाहनांची संख्या वाढत राहते. ती मर्यादा ओलांडली की वेग तर घटतोच, शिवाय पार होणारी वाहनेही कमी होतात. जात्यात एकदम दोन मुठी जास्त धान्य टाकले की जाते अडते आणि पीठही कमी पडते, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच सकाळी साडेआठला बरा चालणारा रस्ता पावणेनऊला थोड्याशा अधिक वाहनांनी पार थिजतो.

नागोया विद्यापीठाचे प्राध्यापक युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ मोटारी ठेवण्यात आल्या. सर्व चालकांना ताशी सुमारे ३० किलोमीटरचा समान वेग राखण्यास सांगण्यात आले. सिग्नल नाही, खड्डा नाही, मध्ये आडवी येणारी रिक्षा नाही. तरीही थोड्याच वेळात कोणी किंचित ब्रेक दाबला, मागच्याने त्याहून जोरात दाबला आणि काही मोटारी पूर्ण थांबल्या. ही थांबण्याची लाट ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने उलट दिशेला सरकत राहिली. महामार्गावर आपण दहा मिनिटे अडकतो आणि पुढे गेल्यावर अपघात, बंद पडलेला ट्रक असे काहीच दिसत नाही, त्याचे उत्तर या वर्तुळात आहे.

आपल्याकडे ब्रेक दाबायला कारणेही मुबलक. थांब्याऐवजी रस्त्याच्या मध्यावर उभी राहिलेली बस, चौकाच्या तोंडाशीच असलेला रिक्षाथांबा, तुटलेल्या पदपथामुळे रस्त्यावरून चालणारे पादचारी, पावसाळ्यातील खड्डे. यातील एकेक गोष्ट क्षुल्लक वाटते. पण चौकाच्या तोंडाशी तीन मार्गिका असतील आणि एका मार्गिकेत दोन मोटारी उभ्या असतील, तर वरच्या हिशेबातील एक तृतीयांश क्षमता तेथेच संपली. रांग वाढून मागच्या चौकात पोहोचली की तेथे हिरवा दिवा असूनही कोणी हलू शकत नाही. मग तो चौक आपल्या मागच्या चौकाला अडवतो. संपूर्ण परिसर जाम होतो तो असा.

रुंदीकरणाचे मृगजळ

‘लोकसंख्या वाढली, वाहने वाढली, मग रस्तेही वाढायला नकोत का?’ हा प्रश्न रास्त आहे. पुणे प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडील नोंदणीकृत वाहनांची संख्या २०१८ मध्ये ३६ लाखांवर गेली आणि तिने शहराच्या तेव्हाच्या अंदाजे ३५ लाख लोकसंख्येला मागे टाकले. नोंदणी झालेले प्रत्येक वाहन रस्त्यावर असतेच असे नाही. भंगारात गेलेल्या स्कूटरही या आकड्यात असतात. तरीही त्या वर्षी या आकड्याने शहराला धक्का दिला होता.

पण अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाऊन्स यांनी १९६२ मध्येच एक अस्वस्थ करणारे निरीक्षण नोंदविले होते. शहरी द्रुतगती मार्गावरील गर्दीच्या वेळची वाहतूक त्या मार्गाच्या पूर्ण क्षमतेपर्यंत वाढत जाते, असे ते निरीक्षण. रस्ता रुंद झाला की तीन प्रकारचे लोक त्याकडे वळतात. गर्दी टाळण्यासाठी लवकर किंवा उशिरा निघणारे, दुसऱ्या रस्त्याने जाणारे आणि आजवर बसने किंवा रेल्वेने प्रवास करणारे. नवी सोसायटी, नवा मॉल, नवे कार्यालयही त्याच रस्त्याच्या आधाराने उभे राहते. गाइल्स ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासली. आंतरराज्य महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढली, जवळपास त्याच प्रमाणात त्यांवरील वाहनांचा एकूण प्रवासही वाढल्याचे त्यांना आढळले. म्हणजे रस्ता वाया गेला असे नव्हे. अधिक लोक प्रवास करू लागले हा लाभच आहे. फक्त ‘कोंडी सुटेल’ हे आश्वासन पाळले जात नाही.

याहून चमत्कारिक गोष्ट जर्मन गणितज्ञ डीट्रिश ब्रेस यांनी १९६८ मध्ये दाखवून दिली. नवा रस्ता जोडल्याने सर्वांचाच प्रवास लांबू शकतो! उदाहरणादाखल एका काल्पनिक शहरात सकाळी ४,००० मोटारी उपनगरातून मध्यवस्तीत येतात असे धरू. त्यांना दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेवर आधी अरुंद पूल आणि मग प्रशस्त वळणरस्ता लागतो. दुसऱ्या वाटेवर आधी प्रशस्त वळणरस्ता आणि मग अरुंद पूल. वळणरस्त्याला कधीही ४५ मिनिटे लागतात. पुलाला मात्र गर्दीनुसार वेळ लागतो, दर १०० मोटारींमागे एक मिनिट. दोन्ही वाटांवर प्रत्येकी २,००० मोटारी गेल्या, तर पुलाला २० आणि वळणरस्त्याला ४५ अशी एकूण ६५ मिनिटे होतात.

आता नगरपालिकेने पहिल्या पुलाचा शेवट दुसऱ्या पुलाच्या तोंडाशी जोडणारा झकास छोटा रस्ता बांधला. तो पार करायला वेळच लागत नाही असे समजू. प्रत्येक चालक विचार करतो, ४५ मिनिटांचा वळसा कशाला, दोन्ही पूल पार करून जाऊ. सर्व ४,००० मोटारी दोन्ही पुलांवर येतात. प्रत्येक पुलाला ४० मिनिटे लागतात आणि प्रवास ८० मिनिटांचा होतो. एकट्याने पुन्हा वळणरस्ता धरावा, तर तेथे ४५ मिनिटे लागणार. त्यामुळे कोणीही मागे फिरत नाही. प्रत्येकाने शहाणपणाचाच निर्णय घेतला आणि सर्वांची १५ मिनिटे गेली. मोबाइलवरील नकाशा प्रत्येकाला ‘सर्वांत जलद’ गल्ली दाखवितो, तेव्हा सदाशिव पेठेतील बोळांत काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे गणित अपरिचित वाटणार नाही.

याची उलट बाजू दक्षिण कोरियाची राजधानी सोलने जगाला दाखविली. शहराच्या मध्यातून जाणाऱ्या चाँगेचॉन या ओढ्यावर स्लॅब टाकून त्यावर उन्नत मार्ग बांधण्यात आला होता. त्या परिसरातून दिवसाला दीड लाखाहून अधिक वाहने जात. महापौर ली म्युंग-बाक यांच्या कारकिर्दीत २००३ मध्ये हा मार्ग पाडण्यास सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २००५ मध्ये ओढा पुन्हा खुला झाला. वाहतूक कोलमडेल, ही भीती खरी ठरली नाही. मात्र येथे एक तपशील महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडील भाषणांतून तो नेमका गळतो. जुलै २००४ मध्ये सोलने आपल्या संपूर्ण बससेवेची फेररचना केली होती. मार्ग बदलले, रस्त्याच्या मध्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका काढल्या, बस आणि मेट्रोचे भाडे जोडले. रस्ता पाडतानाच सोलने नागरिकांना दुसरी वाटही दिली.

साठ माणसांना किती रस्ता लागतो?

केंद्र सरकारने एप्रिल २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण स्वीकारले. नियोजन वाहनांच्या ये-जेसाठी नव्हे तर माणसांच्या ये-जेसाठी व्हावे, हे त्याचे सूत्र होते. हे सूत्र आता इतके घोटून गुळगुळीत झाले आहे, की त्यामागचा हिशेब विसरला जातो.

भारतीय रोड काँग्रेसने १९९० च्या आपल्या मार्गदर्शिकेत शहरी रस्त्यावर कोणते वाहन किती जागा व्यापते, याचे एकक दिले आहे. मोटार म्हणजे १. वाहतुकीतील प्रमाणानुसार दुचाकी ०.५ ते ०.७५, रिक्षा १.२ ते २ आणि बस २.२ ते ३.७. आता ६० माणसांना न्यायचे आहे असे समजू. बसमध्ये ती मावतात आणि अधिकात अधिक ३.७ एकके रस्ता व्यापतात. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर ४० मोटारी म्हणजे ४० एकके. दुचाकीवर सरासरी १.२ माणसे धरली, तर ५० दुचाकी म्हणजे २५ ते ३७.५ एकके होतात. दुचाकी फटीतून वाट काढते म्हणून ती कोंडीत भर घालत नाही, हा समज पुण्यात फार पक्का आहे. हा हिशेब त्याला दुजोरा देत नाही. मात्र दुचाकी ही अनेकांची हौस नाही, बस वेळेवर न येण्याची ती तडजोड आहे, हेही विसरून चालणार नाही.

बसला स्वतंत्र मार्गिका देण्याचा देशातील पहिला प्रयोग पुण्यानेच केला. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बीआरटी सुरू झाली. देशभरातील अधिकारी ती पाहायला आले आणि काय करू नये याचे धडेही घेऊन गेले. बससाठी राखलेली मार्गिका नेमकी चौकापाशी संपत असे. वर पाहिल्याप्रमाणे क्षमता ठरते ती चौकात. तेथेच बस इतर वाहनांच्या गर्दीत सोडली, तर मधल्या पट्ट्यात वाचविलेला वेळ मातीमोल होतो. त्यात राखीव मार्गिकेत दुचाकी आणि मोटारी बिनदिक्कत घुसत. रस्त्याच्या मध्यावरील थांब्यापर्यंत पोहोचणे प्रवाशांना धोक्याचे वाटे. आणि मार्गिका होती, पण तिच्यातून धावायला पुरेशा बस नव्हत्या. रिकामी मार्गिका शेजारी पाहत मोटारीत अडकलेल्या माणसाला राग न आला तरच नवल. अहमदाबादने २००९ मध्ये ‘जनमार्ग’ सुरू करताना मार्गिका, थांबे आणि बस यांचा एकत्र विचार केला. पिंपरी-चिंचवडनेही २०१५ नंतर तुलनेने बरी व्यवस्था उभी केली. पुण्यात मात्र नगर रस्त्यावरील बीआरटीचा काही भाग पुढे काढून टाकण्यात आला. अपयश बसमार्गिकेच्या कल्पनेचे की अर्धवट अंमलबजावणीचे, या प्रश्नाचा निकाल लावण्याआधीच रस्ता ‘मोकळा’ करण्यात आला.

फुकटाची मोठी किंमत

रस्त्यावर उभ्या असलेल्या एका मोटारीला साधारण बारा चौरस मीटर जागा लागते. मध्यवस्तीत एवढ्या जागेचे घरभाडे काय पडते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. तीच जागा मोटारीला रस्त्यावर बहुधा फुकट मिळते. सम-विषम तारखांच्या पाट्या पाहून आज कोणत्या बाजूला गाडी लावायची, एवढाच काय तो विचार. जागा फुकट असली की ती शोधण्यासाठी वाहने त्याच रस्त्यावर घिरट्या घालत राहतात. लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या खरेदीला गेलेल्यांनी याचा पुरेपूर अनुभव घेतला आहे.

पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले. शहरभर शुल्क लावण्याच्या प्रस्तावाला प्रचंड विरोध झाल्याने ते प्रायोगिक तत्त्वावर पाच रस्त्यांपुरते मर्यादित करण्यात आले. त्या पाच रस्त्यांवरील अंमलबजावणीही पुढे अनेक वर्षे रेंगाळली. विरोधाचे एक कारण समजण्यासारखे होते. आधी चांगली बस द्या, मग शुल्क घ्या, असे नागरिक म्हणत होते. पण या वादात दोन्ही गोष्टी लांबणीवर पडल्या.

लंडन आणि स्टॉकहोमने काय केले?

पार्किंगच्या एक पाऊल पुढे जाऊन रस्ता वापरण्याचेच शुल्क घेण्याचा विचार अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री यांनी १९५० च्या दशकापासून मांडला. १९९६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी त्यांचे निधन झाले. विमान आणि हॉटेल गर्दीच्या हंगामात दर वाढवितात, मग रस्ता का नाही, असा त्यांचा साधा प्रश्न होता. रस्त्याची किंमत आपण तशीही मोजतोच. ती पैशाऐवजी वेळेत मोजतो आणि वाया गेलेला वेळ कोणाच्याच तिजोरीत जमा होत नाही.

सिंगापूरने जून १९७५ मध्ये हे प्रत्यक्षात आणले. मध्यवर्ती भागात सकाळी शिरणाऱ्या मोटारीला तीन सिंगापुरी डॉलरचा दैनिक परवाना घ्यावा लागे. चार माणसे असतील, तर मोटारीला माफी असे. निर्बंधाच्या वेळेत शिरणारी वाहतूक ४० टक्क्यांहून अधिक घटली. १९९८ पासून ही वसुली इलेक्ट्रॉनिक झाली. तेथे दर ठरविण्याची पद्धत विशेष आहे. मुख्य रस्त्यांवर ताशी २० ते ३० आणि द्रुतगती मार्गांवर ४५ ते ६५ किलोमीटर वेग राहावा हे उद्दिष्ट. वेग त्याखाली गेला की शुल्क वाढते, वर गेला की कमी होते. तिजोरी भरण्यापेक्षा वेग राखणे हा त्यामागील हेतू.

लंडनचे महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी १७ फेब्रुवारी २००३ रोजी मध्य लंडनच्या सुमारे २१ चौरस किलोमीटर भागात पाच पौंडांचे कोंडी शुल्क लागू केले. तेथील वृत्तपत्रांनी पहिल्या दिवशी हाहाकार होईल असे भाकीत केले होते. तो झाला नाही. सुरुवातीच्या वर्षांत या भागात शिरणारी वाहतूक लक्षणीय घटली आणि मिळालेले उत्पन्न कायद्यानुसार वाहतूक सेवांवरच खर्च करावे लागले. पुढे मात्र वेग पुन्हा मंदावला. मोकळी झालेली जागा बस, सायकली आणि पादचाऱ्यांना देण्यात आली, रस्त्यांची खोदाई वाढली, हे त्याचे कारण. पाच पौंडांचे शुल्क टप्प्याटप्प्याने वाढत जानेवारी २०२६ मध्ये १८ पौंडांवर गेले आहे. न्यूयॉर्कने जानेवारी २०२५ मध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण भागासाठी नऊ डॉलरचे शुल्क सुरू केले. अमेरिकेतील हे पहिलेच.

या सर्वांत शिकण्यासारखा प्रयोग स्टॉकहोमचा आहे. स्वीडनच्या राजधानीने आधी प्रयोग केला आणि मग लोकांना विचारले. ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ या काळापुरते शुल्क लावण्यात आले. गर्दीच्या वेळी अधिक, दुपारी कमी, रात्री शून्य. शहराच्या सीमारेषेवरून ये-जा करणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली आणि रांगा त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात कमी झाल्या. ग्रीनशील्ड्स यांचा सिद्धांत येथे उपयोगी पडतो. रस्ता थिजण्याच्या मर्यादेवर असतो, तेव्हा पाचातील एक वाहन काढले तरी उरलेली चार सुरळीत चालू लागतात. प्रयोग संपल्यावर बहुतेक वाहतूक परत आली. त्यानंतर सप्टेंबर २००६ मध्ये सार्वमत झाले. प्रयोगापूर्वी बहुसंख्य नागरिक शुल्काच्या विरोधात होते. प्रयोगानंतर शहरातील मतदारांनी थोड्या बहुमताने त्याच्या बाजूने कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून ते कायम झाले.

आपल्याकडे हे जसेच्या तसे चालेल असे नाही. लंडन आणि स्टॉकहोममध्ये मोटार सोडून देणाऱ्यासाठी भुयारी रेल्वे होतीच. शिवाय स्टॉकहोमने शुल्क लावण्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट २००५ मध्ये, जवळपास २०० नव्या बस रस्त्यावर आणल्या होत्या. लंडननेही शुल्काच्या पहिल्या दिवसापर्यंत बसची संख्या वाढविली होती. आपल्या शहरांत गर्दीच्या वेळी रस्ता व्यापणाऱ्यांत दुचाकीवरून कामावर जाणारा मोठा वर्ग आहे. त्याला पर्याय न देता शुल्क लावले, तर श्रीमंतांसाठी रस्ता मोकळा केल्याचा आरोप होईल आणि तो खोटा म्हणता येणार नाही. त्यामुळे सुरुवात करायची तर ती बसपासून आणि पार्किंगपासूनच करावी लागेल.

पुण्यात १ जून २०२५ पासून पीएमपीचे किमान तिकीट पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. साठ जणांत मिळून ३.७ एकके रस्ता व्यापणाऱ्या बसमधील प्रवाशाने हे दहा रुपये मोजले. त्याच बसला थांब्यापाशी शिरता येऊ नये अशा बेताने कडेला लावलेल्या मोटारीला त्या दिवशीही पावती फाडावी लागली नाही.